मामांना बांधावरून हलवायला गिरडला गेले

पिपरी मेघेत आमचं दोरखंड, साखळ्या, ताडपत्र्या असल्या सामानाचं दुकान आहे. दुकानदार बाई सुट्टी घेते ती लग्नाला नाहीतर मयतीला, असा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे ऐन जानेवारीत मी यांना म्हटलं की दोन दिवस गिरडकडे मामांच्या गावी जाऊन येते, तर यांनी आधी विचारलं, "कोण गेलं?" कोणी गेलं नव्हतं. कोणी जाऊ नये म्हणूनच मी निघाले होते.

झालं असं की गजाननचा फोन आला. गजानन माझा मामेभाऊ. गिरडच्या अलीकडे त्यांची भाजीपाल्याची शेती आहे. कोबी, वांगी, सांभार. (सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्यामुंबईच्या वाचकांनी इडली शोधू नये.) माल बाजारात न्यायला त्यानं जुना मिनी ट्रक घेतलाय आणि तो ट्रक त्यांच्या पांदणीत, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेत, दर हंगामात फसतो. काळ्या मातीची पांदण ओली झाली की चाक आत ओढून घेते. फसला की शेजारचा ट्रॅक्टर येतो, साखळी लागते, ओढाओढ होते. जुनी साखळी गेल्या हिवाळ्यात तुटली म्हणून गजाननला नवी, आणखी जाड हवी होती. एसटीनं पाठवून दे, म्हणाला.

साखळी तुटली तेव्हा तिचा आकडा मामांच्या कानाजवळून गेला होता आणि मागच्या तुरीच्या ओळी झोडपत कुठेतरी पडला होता. हे गजाननने फोनवर हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मामा सत्तरी ओलांडलेले, आणि ट्रक ओढताना ते नेमके साखळीच्या मधोमध, शेजारच्या बांधावर उभे असतात. ट्रॅक्टरवाल्याला आणि ट्रकवाल्याला इशारा देणं हे त्यांचं काम. त्यांच्या वडिलांनी चिखलातून बंड्या, म्हणजे बैलगाड्या, काढताना बांधावर उभं राहून बैलवाल्यांना इशारे दिले, मामा ट्रॅक्टरला देतात. घरातला कर्ता माणूस तिथे उभा राहतो, ती त्याची जागा. साखळी मी कितीही जाड पाठवली असती तरी मामा तिथेच उभे राहणार होते, म्हणून मी साखळी पाठवली नाही आणि स्वतःच निघाले.

असा ट्रक काढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येतो त्यांच्यासाठी काय घेतलं ते सांगते. साखळीऐवजी जाड विणीचा रुंद पट्टा. साखळी ताणली जात नाही, वाकत नाही, आणि तुटली की तिचे लोखंडाचे तुकडे उडतात. पट्टा निवडताना त्याच्यावर शिवलेली चिठ्ठी वाचायची. तिच्यावर रोज उचलायचं वजन लिहिलेलं असतं, आणि किती वजनाला तो तुटेल ते वेगळं असतं. विकणारा यातला मोठा आकडा सांगतो. मीही दुकानदारच आहे, मला माहीत आहे. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या निदान दुप्पट, जमलं तर तिप्पट ओढ सोसणारा पट्टा पाहिजे. गजाननचा ट्रक मालासकट सहा-सात टन धरला आणि त्या हिशेबानं घेतला. शिवाय एक आखूड पट्टा, आणि अंगावर वजनाचा आकडा कोरलेल्या दोन घडीव कड्या. कडी घेताना तो कोरलेला आकडा नसेल तर दुकानातून बाहेर पडा, मग ते दुकान आमचं का असेना.

हे सगळं पोत्यात भरून सकाळी वर्ध्याहून हिंगणघाटची बस धरली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पोत्याला मात्र कंडक्टरने पूर्ण संशयानं पाहिलं. रस्ता आता चांगला आहे. दोन्ही बाजूंना कापूस, बराचसा वेचून झालेला, आणि मध्येच हरभऱ्याचे हिरवे पट्टे. हिंगणघाटला गाडी बदलली, जाम चौरस्त्यावर ट्रकांच्या रांगेतून वाट काढत समुद्रपूर गाठलं. तिथे बसस्टँडवर तर्री घातलेला आलुबोंडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. तर्री तिखट असते, वरून मागितली तर हातगाडीवाला खूश होऊन जास्तच घालतो, तेव्हा मागू नका. पुढची गिरडची गाडी वेळेवर येतेच असं नाही. मी तासभर बसले. शेजारची एक बाई आपल्या सुनेबद्दल सांगत होती आणि सून तिच्या पलीकडेच बसून शांतपणे शेंगदाणे खात होती. छान वेळ गेला.

गजानन फाट्यावर दुचाकी घेऊन आला होता. पोतं उचललं आणि थबकला. साखळी इतकी हलकी कशी, हा प्रश्न त्याच्या तोंडावर दिसत होता. मी घरी सांगेन म्हटलं.

घरी ओसरीत पट्टा उलगडला तेव्हा मामांनी तो दोन बोटांत धरून पाहिला. मामा उंच, वाळकुडे, डोक्याला कायम दुपट्टा. माझ्यावर त्यांचा लहानपणापासून जीव, त्यामुळे टिंगल करायचा पूर्ण हक्क.

"हे काय व वंदे, शाळेच्या दप्तराचा पट्टा आणला का?"

मग त्यांनी त्यांचा बेत सांगितला. जुन्या विहिरीतली मोटर काढली होती, तिचा जाड पिवळा दोर घरात पडून होता. जुन्या साखळीचा उरलेला अर्धा तुकडा आणि हा दोर गाठ मारून जोडला की काम झालं. आमच्या भागात मोटरच्या दोरावर लोकांची फार श्रद्धा. एवढी जड मोटर वर्षानुवर्षं विहिरीत टांगून ठेवतो, तो ट्रक काय ओढणार नाही? माझ्याकडे येणारं निम्मं गिऱ्हाईक हेच म्हणतं. मी मामांना सांगितलं की मोटर विहिरीत गप टांगलेली असते, हिसके देत नाही. शिवाय पाण्यात आणि उन्हात राहून दोर आतून संपलेला असतो, गाठ मारली की उरलासुरला जोरही निम्मा होतो, आणि तो तुटला की ताणलेल्या रबरासारखा उलटा येतो, साखळीचा तुकडा बरोबर घेऊन. मामांनी ऐकून घेतलं. पट्ट्याचं त्यांना तसं काही वावडं नव्हतं. नवीन वस्तू आली, वापरून पाहू, इतपत ठीक.

पण मी पुढचं बोलले. पट्टा ताणला असताना त्याच्या जवळपास कोणीच उभं राहायचं नाही, बांधावर तर नाहीच. मामांनी दुपट्टा सोडून परत बांधला.

"म्या हटलो तं त्या दोघायले सांगन कोन? ते एकमेकाले दिसत तरी हायत का?" आणि थोडं थांबून, "म्हातारा झालो म्हनून घरी बसवून राह्यली का मले?"

मला वाईट वाटलं. रागही आला, कारण माणूस आपल्या काळजीपोटी इतक्या लांबून पोतं उचलून येतो आणि त्याला हे ऐकावं लागतं. दोन्ही गोष्टी मी भाकरीबरोबर गिळल्या. जेवायला मामीने सांभारवडी केली होती, तिखट रस्सा आणि ज्वारीची भाकर. रश्शाचा रंग वायगावच्या हळदीचा, तो शहरात पुडीतून येत नाही. मी मुकाट्यानं चार वड्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आणि मी गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला गेलो. वर जायला पायऱ्याही आहेत, गाडीरस्ताही आहे. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते, खाली फुलं आणि चादरी विकणारे नुकतेच दुकानं लावत असतात. इथे सगळ्या जातीधर्माची माणसं येतात. आमच्या आधी एक कुटुंब आपली नवीन दुचाकी घेऊन आलं होतं, तिला हार घातलेला. वरून सगळा मुलूख दिसतो, काळी आणि हिरवी शेतं, मध्ये एखाद्या तळ्याचं पाणी. वारा गार होता. मामी कठड्याला टेकून उभी राहिली आणि तिनेच विषय काढला.

गेल्या वर्षी साखळी तुटली तेव्हा ती शेतातच होती. आवाज झाला, सगळे ओरडले आणि तिला मामा दिसेनात. ते खाली बसले होते, बाकी काही नाही, पण ते दिसेपर्यंत जो वेळ गेला तो तिच्या अजून अंगात आहे. तेव्हापासून ट्रक फसला असं कळलं की ती घरात थांबत नाही, इथे टेकडीवर येऊन बसते. घरच्यांना वाटतं हिची भक्ती वाढली.

"मी म्हनलं तं ते ऐकत नाईत," मामी म्हणाली. "तू सांगजो त्यायले. पन त्यायले हलकं नको पाडू, वंदे. मानूस तेवढ्यासाठीच उभा राह्यते तिथं."

त्या वाक्यावर मी परत येईपर्यंत विचार करत होते. माझी चूक कुठे होती ते कळत होतं. मी मामांना जागा सोडा म्हटलं होतं, दुसरी जागा दिली नव्हती.

घरी पोचलो तर ट्रक फसलेला. पावसाचा थेंब नाही, आणि पांदण ओली कशी? तर आमच्याकडची नेहमीची गोष्ट. शेताला थ्री-फेज वीज रात्री-अपरात्री येते, म्हणून लोक मोटरला ऑटो लावून झोपतात. लाइन आली की मोटर आपली आपण सुरू. रात्री लाइन आली, पाट फुटला, आणि कोबीला द्यायचं पाणी पहाटेपर्यंत पांदणीला मिळालं. गजाननने कोबी भरला, गाडी काढली, आणि मागची चाकं गेली आत. भर हिवाळ्यातसुद्धा पांदणीत चिखल करणारी माणसं जगात दुसरीकडे असतील असं मला वाटत नाही. मामी दारातूनच उलटी टेकडीकडे निघाली होती. मी तिचा हात धरला आणि माझ्याबरोबर शेतावर चल म्हटलं. ती आली, पण बरीच मागे, तुरीच्या कडेला थांबली.

ट्रॅक्टरवाले बंडूभाऊ आलेच होते. आजूबाजूच्या शेतातले लोकही जमले होते, कारण फसलेला ट्रक पाहणं हा फुकटचा कार्यक्रम आहे. मी आधी ओढूच दिलं नाही. निम्मा कोबी उतरवला. चाकांपुढची माती फावड्यानं मोकळी करून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, दाबून भरली. हे मला शिकवावं लागलं नाही, ते सगळ्यांना येतं. पट्टा ट्रॅक्टरला खाली, ट्रॉली जोडतात तिथे अडकवला. वरच्या दांड्याला अडकवला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो, हे लक्षात ठेवा. पट्ट्यावर मध्ये दोन गोणपाटं पाण्यात भिजवून टाकली, म्हणजे काही तुटलंच तर ते वजन त्याला खाली पाडेल. ट्रकच्या पुढच्या हुकात कडी लावली. हुक नव्यानं रंगवलेला होता. मजबूत आहे ना, विचारलं. गजानन म्हणाला, गाडीबरोबर आलेला आहे.

मामा तोवर बांधावर आपल्या जागी जाऊन उभे राहिले होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि बंडूभाऊंना ऐकू जाईल अशा बेतानं बोलले.

"मामा, तुम्ही इथं उभे राह्यले की बंडूभाऊले मान मागं करून तुमच्याकडं पाहा लागते. मान फिरली की पाय हलते, अन् ट्रॅक्टर हिसका देते. तुम्ही समोर, बाजूनं त्या हिवराच्या झाडाखाली उभे राहा. तिथून दोघायले तुम्ही समोर दिसता. कोनालेच मान फिरवा लागत नाई."

हे मी बनवून सांगितलं नव्हतं. खरोखरच तसं होतं, फक्त ते मला टेकडीवरून उतरताना सुचलं. मामा बंडूभाऊंकडे पाहायला लागले. बंडूभाऊ सीटवर वळून बसले होते, त्यांनी मान चोळली आणि म्हणाले की काका, खरी गोष्ट आहे, मान दुखते. मामांनी झाडाकडे पाहिलं. ते बरंच लांब होतं, पट्ट्याच्या रेषेतून तिरकं.

"एकदा करून पाहू," असं म्हणून ते बांधावरून उतरले. जाता जाता त्यांनी बघ्यांनाही हाकललं. मी सांगून जे हलले नव्हते ते मामांच्या एका हातवाऱ्यानं तुरीपर्यंत मागे गेले.

झाडाखाली उभं राहून मामांनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि हातात धरला. तो खाली केला की थांब, हलवला की चल. बंडूभाऊंनी ट्रॅक्टर सावकाश पुढे घेतला, पट्टा जमिनीवरून उचलला गेला, सरळ झाला. ट्रक हलला. चाकांखालची पऱ्हाटी कडकडली. आणि मग एकदम जोराचा आवाज आला.

हुक गाडीबरोबरचा नव्हता. कुठल्यातरी आधीच्या मालकानं कुठेतरी वेल्डिंग करून लावलेला, वर रंग. तो मुळापासून निघाला आणि पट्ट्याबरोबर उलटा गेला. ओल्या गोणपाटांनी पट्टा खाली ओढला, त्यामुळे तो ट्रॅक्टरपर्यंत पोचला नाही. बाजूला वळला आणि बांधावर आपटला. बांधाची माती उडालेली मी पाहिली. मागे मामीकडे वळून पाहायचा मला धीर झाला नाही.

मामांचा दुपट्टा खाली झाला होता. म्हणजे थांब. बंडूभाऊंनी ट्रॅक्टर बंद केला. मामा झाडाखालून चालत आले, बांधाजवळ थांबले. हुक त्यांच्या नेहमीच्या जागेपासून हातभर अंतरावर मातीत रुतला होता. ते वाकले, तो उपसून काढला, हातात तोलून पाहिला. मग त्यांनी तो हुक बांधावरच ठेवला आणि मामीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मामी पदरानं तोंड पुसत होती.

"आता कुठं बांधता व?" त्यांनी मला विचारलं. आवाज नेहमीसारखाच होता, जरा बारीक.

या वेळी आखूड पट्टा चेसीच्या दोन्ही बाजूंना गुंतवला, लोखंडाच्या धारेवर टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले म्हणजे कापला जाऊ नये, आणि त्यात कडी लावून मोठा पट्टा जोडला. गोणपाटं परत भिजवली. मामा कोणी न सांगता झाडाकडे निघाले, आणि झाडाच्याही पलीकडे जाऊन उभे राहिले. ट्रक दुसऱ्या खेपेला सावकाश, काहीही न होता बाहेर आला. लोकांची थोडी निराशाच झाली असावी. उतरवलेला कोबी परत भरला आणि गजानन हिंगणघाटच्या बाजाराला गेला.

संध्याकाळच्या गाडीनं मी परतले. मामा फाट्यापर्यंत सोडायला आले, रस्ताभर तुरीच्या भावाबद्दल बोलले. हुकाबद्दल एक शब्द नाही. गाडी आली तेव्हा मात्र त्यांनी विचारलं की यापेक्षा लांब पट्टा भेटते का. भेटतो, म्हटलं. पाठवून देजो, म्हणाले.

इकडे कोणी जाणार असाल तर हिवाळ्यात जा. गिरडची टेकडी सकाळी पाहा, समुद्रपूरला आलुबोंडा खा, आणि आपली गाडी पांदणीत घालू नका. घातलीच तर सामान चांगलं न्या, पण खरं सांगायचं तर सामानाचं काम अर्धंच असतं. उरलेलं काम म्हणजे माणसं कुठे उभी राहतात ते. ते कुठल्याही चिठ्ठीवर शिवलेलं नसतं, आणि ते सांगताना समोरच्याचा मान सांभाळावा लागतो. हे मी इतकी वर्षं दोर विकून शिकले नव्हते, एका सकाळी मामीकडून शिकले.

मागच्या आठवड्यात दुकानात चांगली गर्दी असताना मामांचा फोन आला. मामा कधी स्वतः फोन करत नाहीत. नवीन पट्ट्याबद्दल तक्रार होती. चिखलानं भरते, दर वेळी धुवा लागते, सावलीत वाळवा लागते, मामीच्या लुगड्याच्या दोरीवर जागा उरत नाही. आता गावातले लोक ट्रक फसला की त्यांनाच बोलावतात, आणि आधी सगळ्यांना लांब हाकलता हाकलता अर्धी सकाळ जाते, कोणी ऐकत नाही, शेजाऱ्याशी तर भांडण झालं. ते बोलत राहिले, चांगले कुरकुरत राहिले. काउंटरपलीकडे गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि हे मला खुणा करत होते. मी स्टुलावर बसले, डोळे पुसले आणि म्हटलं, "सांगा मामा, मी ऐकून राह्यली."